विंडोज, लिनक्स आणि परतीची वाट

श्रोतेहो, नमस्कार.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून पॅच, म्हणजे दुरुस्त्या, मिळण्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती असलेली मशीन नेहमीसारखीच चालू झाली, फाइली उघडल्या, प्रिंट निघाल्या. त्यामुळे अनेकांचा समज झाला की या तारखेला काही अर्थ नव्हता. पण सुरक्षेतली भगदाडं दर महिन्याला सापडत असतात आणि ती बुजवणारे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. मुदत संपली की पॅच थांबतात, भगदाडं सापडायची काही थांबत नाहीत. उलट विंडोज ११ साठी आलेला पॅच उकलून पाहिला, की तीच खोट विंडोज १० मध्ये कुठे राहिली असेल याचा अंदाज हल्ला करणाऱ्याला येतो. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा पॅच घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे. मात्र त्यासाठी आवृत्ती २२एच२ असावी लागते आणि नोंदणी करावी लागते. ही मुदतवाढ तयारीसाठी वापरायची.

आपली आवृत्ती कोणती, हे आधी पाहा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. रन नावाची छोटी चौकट उघडेल, तीत विनव्हर टाइप करा. अक्षरं सांगतो: डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर. एंटर दाबलं की आवृत्ती समोर येते. विंडोज ११ वर असाल तरी हे करा, कारण होम आणि प्रो या प्रकारांत प्रत्येक वार्षिक आवृत्तीला २४ महिनेच पॅच मिळतात.

आता निवडीकडे वळू. कोणती ऑपरेटिंग सिस्टिम चांगली, या प्रश्नावर तासन्‌तास वाद होतात आणि हाती काही लागत नाही. एक कागद घ्या आणि आठवड्याभरात उघडता ती सगळी सॉफ्टवेअर त्यावर लिहा. शेजारी जोडलेली उपकरणं लिहा: प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन, एखादं मोजमापाचं यंत्र. मग प्रत्येक ओळीसमोर लिहा की नव्या सिस्टिमसाठी त्याचा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, किंवा आवृत्ती मिळते का. ब्राउझर, मेल, पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते, व्हिडिओ एवढंच काम असेल, तर लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर काहीही अडत नाही. पण यादीत एकच सॉफ्टवेअर असं असेल की ते फक्त विंडोजवर चालतं आणि त्यावर तुमची रोजीरोटी आहे, तर प्रश्न तिथेच मिटला, विंडोजवरच राहा.

जुन्या स्कॅनरकडे जास्त बारकाईने पाहा. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. ३२-बिट विंडोजवर चालणारा ड्रायव्हर ६४-बिटवर चढत नाही, आणि फार जुनी १६-बिट सॉफ्टवेअरही तिथे चालत नाहीत. ३२-बिटवरून ६४-बिटवर वरच्या वर, म्हणजे जुन्यावरच नवं चढवून, अपग्रेडही होत नाही. नव्यानेच विंडोज टाकावं लागतं.

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूटची, म्हणजे फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देण्याची, क्षमता असलेलं यूईएफआय (मशीन सुरू करणारं नव्या पद्धतीचं सॉफ्टवेअर), टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून सुरू होते, एएमडीच्या बाबतीत रायझन २००० मालिकेपासून. ४ जीबी हा कागदावरचा आकडा आहे. ब्राउझरच्या आठ-दहा टॅब उघडून काम करायचं असेल तर ८ जीबीच्या खाली जाऊ नका. आणि मशीनमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर सिस्टिम बदलण्याआधी एसएसडी बसवा. संगणक हळू चालतो म्हणून अपग्रेड करू पाहणाऱ्या बहुतेकांचं दुखणं त्या डिस्कमध्ये असतं.

टीपीएम नाही, असा निरोप आला की लोक लगेच नवा संगणक पाहायला निघतात. थांबा. ज्यांच्यात टीपीएम प्रोसेसरबरोबर आलेलं आहे, अशा कितीतरी मशीनमध्ये ते नुसतं बंद ठेवलेलं असतं. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, इंटेलच्या मशीनवर त्याचं नाव पीटीटी असतं, एएमडीवर एफटीपीएम. ते चालू करा, विंडोजमध्ये परत या, आणि रनच्या चौकटीत टीपीएम डॉट एमएससी टाइप करा. आवृत्ती २.० दिसली की झालं.

यूईएफआयचा भाग मात्र नाजूक आहे, आणि इथेच सर्वाधिक मशीन अडकतात. रनच्या चौकटीत एमएसइन्फो३२ टाइप करा आणि बायोस मोड ही ओळ वाचा. तिथे लेगसी असेल, तर तुमची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने आखलेली आहे. अशा वेळी बायोसमध्ये जाऊन थेट यूईएफआय केलं, तर विंडोज सुरूच होत नाही, कारण यूईएफआयला जीपीटी पद्धतीची आखणी आणि स्वतःचं छोटं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा कप्पा, लागतं. कोणी हे आधीच करून बसलं असेल तर घाबरू नका, डेटा कुठेही गेलेला नाही. सेटिंग पुन्हा लेगसीवर आणा, मशीन उठेल. योग्य क्रम असा: आधी पूर्ण बॅकअप. मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एमबीआर२जीपीटी ही विंडोजमधलीच कमांड आधी व्हॅलिडेट आणि ऑलोफुलओएस या दोन स्विचसह चालवायची. ही नुसती तपासणी आहे, डिस्कवर काही बदल होत नाही. तपासणी पार पडली तर व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट. ते यशस्वी झालं की मगच बायोसमध्ये यूईएफआय. तपासणी फसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशन असणं किंवा एक्स्टेंडेड पार्टिशन असणं. ही कमांड जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालवून घेते.

या सगळ्याच्या आधी बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, पाहा. अनेक लॅपटॉपांवर डिस्कचं एन्क्रिप्शन मालकाला न कळत सुरू असतं. बायोसमध्ये टीपीएमला हात लावला किंवा बायोस अपडेट केला, की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर त्या डिस्कवरचं काहीही परत मिळत नाही. म्हणून की आधीच शोधा. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करत असाल तर ती बहुधा त्या खात्यात असते. कागदावर उतरवून घ्या आणि मग बिटलॉकर तात्पुरतं थांबवा.

बॅकअपबद्दल सगळेच बोलतात, पण त्यातून नेमकं काय सुटतं ते सांगतो. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स लोक आठवणीने घेतात. सुटतात त्या आउटलुकच्या मेलचा साठा असलेल्या पीएसटी फाइली, ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड, सॉफ्टवेअरच्या लायसन्स की आणि सी ड्राइव्हच्या मुळाशी कोणी तरी बनवलेले फोल्डर. वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात ज्या फाइलीसमोर ढगाची खूण दिसते ती फाइल तुमच्या डिस्कवर नसते, तिथे फक्त तिचं नाव असतं. तिच्यावर राइट क्लिक करून ती डिस्कवर कायम ठेवण्याचा पर्याय निवडा. कॉपी झाली की ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावा आणि वेगवेगळ्या फोल्डरमधल्या दहा-बारा फाइली उघडून पाहा. नावं दिसणं वेगळं आणि फाइल उघडणं वेगळं. त्यानंतर ती डिस्क मशीनपासून काढून ठेवा. इन्स्टॉलरमध्ये चुकीची डिस्क निवडून तिलाच फॉरमॅट मारला जाणं, ही वारंवार होणारी चूक आहे.

आता वरच्या वर अपग्रेड करायचं, की फॉरमॅट मारून नव्याने टाकायचं? मशीन व्यवस्थित चालत असेल तर वरच्या वर करा. सॉफ्टवेअर, सेटिंग, सगळं जागेवर राहतं. सी ड्राइव्हवर २५ ते ३० जीबी मोकळे ठेवा. बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस काढून टाका. माउस आणि कीबोर्ड सोडून यूएसबीला लावलेलं बाकी सगळं काढा. अपग्रेड अर्ध्यावर जाऊन मागे फिरलं आणि ०एक्ससी१९००१०१ असा कोड आला, तर बहुतेक वेळा एखादा ड्रायव्हर आडवा आलेला असतो. डिस्प्ले, वायफाय आणि स्टोरेजचे ड्रायव्हर निर्मात्याच्या साइटवरून नवे घ्या आणि पुन्हा करा. सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही, असा निरोप आला तर ते छोटं, बहुधा १०० एमबीचं पार्टिशन भरलेलं आहे असं समजा. सी ड्राइव्हवर कितीही जागा केली तरी त्याने फरक पडत नाही.

मशीन आधीच रडतखडत चालत असेल तर नव्याने टाका. विंडोजचा इन्स्टॉलर ठेवायला ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाईल. इथे एक प्रसंग हमखास येतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांवर इन्स्टॉलर सुरू होतो, डिस्क निवडायचा पडदा येतो आणि तिथे एकही डिस्क दिसत नाही. डिस्क मेलेली नसते. ती व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉपच्या निर्मात्याच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर आधीच उतरवून, झिप उघडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि त्या पडद्यावर लोड ड्रायव्हर निवडा. वायफायचा ड्रायव्हरही त्याच पेनड्राइव्हवर असू द्या, नाहीतर पुढे इंटरनेट मागणाऱ्या पडद्यावर गाडी अडते.

विंडोज ११ च्या अटी चुकवून ते जुन्या मशीनवर टाकण्याच्या युक्त्या सर्वत्र फिरताहेत. कामाच्या मशीनवर ते करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. शिवाय २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट ही अंगभूत आज्ञा नसेल तर विंडोज सुरूच होत नाही, तिथे कोणतीही युक्ती चालत नाही. जुन्या मशीनसाठी लिनक्स हा सरळ मार्ग आहे.

आणि लिनक्सची मोठी सोय ही, की ते डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतं. नवख्या माणसाने लिनक्सच्या प्रकारांपैकी मिंट किंवा उबंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ पॅच मिळणारी, आवृत्ती घ्यावी. उबंटूची एलटीएस दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं पॅच मिळतात. मधल्या आवृत्त्यांना नऊच महिने. ४ जीबी रॅमच्या मशीनवर मिंटचा एक्सएफसीई डेस्कटॉप हलका पडतो. ३२-बिट प्रोसेसर असेल तर मात्र आधी चौकशी करा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सच्या प्रकाराचा ३२-बिट इन्स्टॉलरच निघालेला नाही.

पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू झालं की नुसता डेस्कटॉप पाहून खूश होऊ नका. अर्धा तास नीट तपासा. वायफाय जोडा. स्पीकर ऐका, माइकवर बोलून रेकॉर्ड करा. पडद्याचा उजेड कमी-जास्त करा. टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकवा. प्रिंट काढा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लॅपटॉपचं झाकण मिटा, दोन मिनिटांनी उघडा. झोपेतून नीट जागा न होणारा लॅपटॉप रोज त्रास देतो. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट वापरा आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा. ब्रॉडकॉमच्या काही चिपांना वेगळा ड्रायव्हर लागतो, तो तिथे मिळतो.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायची असतील तर विंडोजमधला फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. तो चालू असताना शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं. मग लिनक्स ते ड्राइव्ह फक्त वाचायला देतं, लिहू देत नाही, आणि माणसाला वाटतं डिस्क खराब झाली. घड्याळही मागेपुढे होतं, कारण मदरबोर्डवरची वेळ विंडोज स्थानिक धरतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल या कमांडला स्थानिक वेळ धरायला सांगितलं की हा घोळ थांबतो.

लिनक्सचं अपग्रेड करताना पायऱ्या गाळू नका. उबंटू २०.०४ वरून २४.०४ वर जायचं तर वाटेत २२.०४ वर थांबावंच लागतं. बाहेरून जोडलेले पीपीए, म्हणजे सॉफ्टवेअरचे जादा साठे, अपग्रेडमध्ये बंद केले जातात, त्यांची यादी आधी लिहून ठेवा. आणि बूट हे वेगळं पार्टिशन असेल तर ते भरलेलं नाही ना, हे पाहा. जुने कर्नल, म्हणजे सिस्टिमचे गाभे, तिथे साठत राहतात आणि नवा कर्नल अर्धवट लिहिला जाऊन अपग्रेड मधेच थांबतं. ऑटोरिमूव्ह ही कमांड चालवली की जागा होते.

मॅकबद्दल थोडक्यात. तिथे निवड तुमच्या हातात कमीच असते. इंटेल प्रोसेसर असलेल्या मॅकसाठी टाहो, म्हणजे मॅकओएस २६, ही शेवटची मोठी आवृत्ती आहे.

अपग्रेड पार पडलं, नवा पडदा आला, आता एक काम लगेच करू नका. सी ड्राइव्हवर विंडोज डॉट ओल्ड नावाचं मोठं फोल्डर दिसेल आणि जागा मोकळी करायचा मोह होईल. जुन्या विंडोजवर परत जायचं तर तेच फोल्डर लागतं. ते १० दिवस राहतं, मग आपोआप पुसलं जातं. या १० दिवसांत सुरुवातीला केलेल्या कागदावरची प्रत्येक ओळ चालवून पाहा: प्रत्येक सॉफ्टवेअर उघडा, एक स्कॅन काढा, टोकन लावून एक सही करा. महिनाअखेरीलाच लागणारं एखादं काम यादीत असेल तर १० दिवस पुरणार नाहीत. अशा वेळी पहिल्याच दिवशी ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये डिसम या कमांडने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवून घ्या. मुदत उलटून गेल्यावर ती वाढवता येत नाही. काढून ठेवलेली बॅकअपची डिस्कही तोवर तशीच राहू द्या.

नमस्कार.