जळका झुरका: दोष कॉइलचा का वातीचा?

स्क्रीनवर दिसतंय ते ई-सिगारेटच्या वाफ करणाऱ्या भागाचं, रिबिल्डेबल अ‍ॅटमायझरचं डेक, म्हणजे कॉइल बसवायची बैठक आहे. रिबिल्डेबल म्हणजे ज्यात कॉइल पण आपणच बसवायची आणि वात पण आपणच भरायची. तारेचे सहा वेढे, आतला व्यास तीन मिलिमीटर, आणि त्यातनं आरपार गेलेला पांढराशुभ्र कापूस. बटण दाबलं की तार तापते, कापसातल्या लिक्विडची वाफ होते, आणि जेवढं लिक्विड गेलं तेवढं कापसाने दोन्ही टोकांकडून परत ओढून आणायचं, तेही पुढचा झुरका घ्यायच्या आत. हे ओढून आणणं जमलं नाही की मधला कापूस कोरडा पडतो, करपतो, आणि घशाला असा झोंबतो की माणूस डिव्हाइस खालीच ठेवतो. यालाच ड्राय हिट म्हणतात.

मग लोक काय करतात, लिक्विडला नावं ठेवतात, कॉइल उखडून नवी लावतात, वॅट खालीवर करत बसतात, आणि वातीकडे मात्र कुणी बघत नाही कारण तो आपला साधा कापूस, त्यात काय बिघडणार! माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक वेळा बिघडलेलं तिथेच असतं, आणि ते शोधायला मीटरबिटर काही लागत नाही, नीट बघणारे डोळे आणि हातात एक चिमटा असला की झालं.

आधी हे समजून घेऊ की लिक्विड वर चढतंच कसं. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं ना, तसंच. तंतूंच्या मधे बारीक फटी असतात, त्या फटी द्रव आपोआप खेचतात. फटी खूप मोठ्या झाल्या तर खेच कमी, आणि कापूस ठासून फटी बंदच केल्या तर वाटच बंद. त्यात लिक्विड किती घट्ट आहे यावर फार अवलंबून असतं. लिक्विडमधे मुख्यतः दोन गोष्टी असतात, पीजी म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि व्हीजी म्हणजे ग्लिसरीन. खोलीच्या तापमानाला पीजी पाण्याच्या पन्नासपटीच्या आसपास घट्ट आणि व्हीजी जवळजवळ हजारपट, त्यामुळे पीजी-व्हीजी निम्मं निम्मं असलेल्या लिक्विडला जी वात मस्त चालते तीच जास्त व्हीजीवाल्याला कमी पडते, आणि थंडीत व्हीजी अजून घट्ट होतं म्हणून उन्हाळ्यात गुण्यागोविंदाने चाललेला सेटअप हिवाळ्यात अचानक जळका लागायला लागतो. उकळायचं तापमानही वेगळं, पीजी १८८ अंश सेल्सिअसला तर व्हीजी २९० ला. वात ओली आहे तोवर कॉइलची उष्णता लिक्विड उकळण्यात खर्च होते, तापमान तिथेच धरून राहतं, पण लिक्विड संपलं की तार क्षणात भडकते आणि कापूस काळा.

हा नुसता चवीचा प्रश्न नाही, हे मी मुद्दाम सांगतोय. २०१५ च्या जानेवारीत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे एक पत्र छापून आलं, त्यात ३.३ व्होल्टला काही सापडलं नाही पण ५ व्होल्टला वाफेत फॉर्माल्डिहाइड हा विषारी पदार्थ तयार करणारी रसायनं सापडली. त्याच वर्षी अ‍ॅडिक्शन नावाच्या जर्नलमधे फारसालिनोस नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अल्डिहाइडचं, म्हणजे फॉर्माल्डिहाइडच्या जातीच्या रसायनांचं, प्रमाण खूप वाढतं ते ड्राय पफच्या, म्हणजे ड्राय हिटच्याच, परिस्थितीत, आणि अनुभवी वापरणाऱ्याला तो झुरका लगेच ओळखू येतो, तो घेऊच शकत नाही. त्यामुळे जळकी चव आली तरी "चालतंय की" म्हणून ओढत राहू नका, तिथल्या तिथे थांबा. (आणि जे मुळात ओढतच नाहीत त्यांनी हा व्हिडिओ बघून सुरू करायचं काही कारण नाही, निकोटिनची सवय लागते आणि सुटता सुटत नाही.)

आता वातीचे प्रकार. सुरुवातीच्या काळात सगळीकडे सिलिकाची दोरी असायची, काचेच्या जातीचा धागा, उष्णता भरपूर सोसतो, जळत नाही, पण लिक्विड आणायला सुस्त आणि कापताना टोकाचे तंतू मोडून इकडेतिकडे पडतात. त्यात लोक ती साफ करायला लालबुंद करायचे, त्याने ती अजून ठिसूळ व्हायची, आणि असले तुकडे छातीत जावेत असं कुणालाच वाटणार नाही, म्हणून मी सिलिका सुचवतच नाही. मग स्टीलची जाळी आली, गुंडाळून नळीसारखी करून टाकीत उभी सोडायची, जेनेसिस पद्धतीचे अ‍ॅटमायझर म्हणतात त्यांना. स्टीलमधनं वीज जाते, त्यामुळे जाळी आधी ज्योतीवर तापवून तिच्यावर ऑक्साइडचा थर आणावा लागतो, नाहीतर कॉइल जाळीला टेकली की शॉर्ट. चव स्वच्छ येते, जाळी टिकते भरपूर, पण ते हॉट स्पॉट, म्हणजे तारेवरच्या जास्त तापणाऱ्या जागा, काढत बसायचं काम ज्याला आवडतं त्यानेच करावं. सिरॅमिकच्या दोऱ्या पण आहेत, त्यात जास्त शिरत नाही.

शेवटी बहुतेक सगळे आले कापसावर, आणि ते योग्यच झालं. स्वस्त, कुठेही मिळतो, लिक्विड पटापट ओढतो. पण कापूस म्हणजे कुठलाही कापूस नाही! कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो, तो पाणी झटकतो. तो थर काढला की मग कापूस शोषक होतो. हे बघा, दोन वाट्यांत पाणी घेतलंय. या वाटीत कच्चा कापूस टाकला, तरंगतोय, अजून तरंगतोय. दुसरीत शोषक कापूस, टाकला आणि गेला तळाला. युरोपियन फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत पुस्तकात, शोषक कापसासाठी अटच आहे की १० सेकंदांच्या आत बुडला पाहिजे, घरी एवढी टेस्ट कुणीही करू शकतं. दुसरी टेस्ट चिमट्यात धरून टोक पेटवायची. शुद्ध कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते, पॉलिएस्टर मिसळलेला असेल तर वितळून टणक मणी होतो. मणी दिसला तर तो कापूस फेकून द्या, विचार करू नका. सुगंधी किंवा लोशन लावलेला कापूस पण नको.

चौकोनी पॅड येतात त्यांचे वरचे दाबलेले दोन्ही थर सोलून काढायचे, मधला मऊ भाग वापरायचा, आणि पट्टी तंतूंच्या दिशेने कापायची, आडवी कापली तर ओढताना तुटते. रेयॉन पण चांगला पर्याय आहे, लाकडाच्या लगद्यापासून केलेला सेल्युलोजच तो, लिक्विड कापसापेक्षा पटकन आणतो असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. फक्त कापूस भिजल्यावर कॉइलमधे जसा फुगून बसतो तसा रेयॉन बसत नाही असा अनुभव आहे, म्हणून तो कॉइलमधे कापसापेक्षा घट्ट भरायचा. कापसाच्या अंदाजाने रेयॉन भरला तर मधे पोकळी राहते आणि मग लोक म्हणतात रेयॉन बेकार आहे.

आता खरा मुद्दा, किती भरायचा. कॅमेरा जवळ घेतलाय, नीट बघा. पट्टीचं एक टोक पिळून दोऱ्यासारखं केलं, कॉइलमधनं घातलं, आणि हळू ओढतोय. थोडा अडसर लागतोय, पण कॉइल जागची हलत नाहीये, वेढे वाकत नाहीयेत, हे बरोबर आहे. कॉइल कापसाबरोबर ओढली जायला लागली तर कापूस जास्त झाला. कापूस सुळकन निघून गेला तर कमी, मग तार आणि कापूस यांच्यात फट राहणार, तिथे तार कोरडीच तापणार आणि गरम थेंब तोंडात उडणार.

ड्रिपरमधे, म्हणजे टाकी नसलेल्या, वरून थेंब सोडायच्या प्रकारात, टोकं डेकच्या तळाला टेकली की पुरे, त्यात फार चूक होत नाही. टाकीवाल्या प्रकारात, आरटीए म्हणतात त्याला, मात्र सगळं या शेपट्यांवर, म्हणजे कॉइलबाहेर लोंबणाऱ्या कापसाच्या टोकांवर आहे. लिक्विड खालच्या चॅनेलमधनं येतं, आणि शेपटी म्हणजे त्या दाराचा पडदा समजा. तिने दार पूर्ण झाकलं पाहिजे पण कोंबायचं नाही. टोकं कापली की चिमट्याने विंचरायची, मोकळा झालेला कापूस निघून जाऊ द्यायचा, टोक पातळ करायचं, मग चॅनेलमधे नुसतं ठेवायचं. ठेवायचं म्हणतोय, दाबायचं नाही. सलग ओढल्यावर तिसऱ्या-चौथ्या झुरक्याला जळकं लागतंय आणि थोडं थांबलं की परत नीट, तर समजा शेपट्या जाड आहेत, लिक्विड पोचतंय पण उशिरा. पहिल्याच झुरक्याला जळकं तर वात मुळात भिजलीच नव्हती किंवा आधीच करपलीय, आणि करपलेला कापूस कितीही लिक्विड घातलं तरी सुधारत नाही, बदलावाच लागतो. गुडगुड आवाज येतोय, एअरफ्लोच्या, म्हणजे हवा आत यायच्या, भोकातनं लिक्विड गळतंय, तर उलटं, कापूस कमी आहे किंवा शेपटीच्या कडेला फट राहिलीय. टाकीत बुडबुडे वर येतच नाहीत तेव्हा हवा आत जायला वाट नाही, लिक्विड अडकून बसलंय, तिथेही शेपटी पातळ करून बघा. आणि भरताना एअरफ्लो बंद ठेवा, टोपी लावून टाकी उलटी करा, मग एअरफ्लो उघडा, निम्मी गळती तिथेच थांबते.

कापूस बदलताना जुना आधी पूर्ण काढा आणि मगच कॉइल कमी वॅटवर थोडी थोडी तापवा, कापूस आत असताना कोरडी तापवली तर तो पेटतो. गोड लिक्विडचा काळा थर तारेवर साचतो तो असाच जातो. कॉइल मधून बाहेरच्या बाजूला सारखी उजळली पाहिजे, एखादाच वेढा आधी लाल होत असेल तर चिमट्याने वेढे सारखे करून घ्या नाहीतर नवा कापूस नेमका तिथेच करपणार. गार झाल्यावर पाण्याने धुवा, ओम म्हणजे कॉइलचा रोध चेक करा, आकडा नाचत असेल तर स्क्रू ढिला आहे किंवा कुठेतरी टेकतंय. मग नवा कापूस, वरून थेंब थेंब लिक्विड सोडून तो पारदर्शक दिसेपर्यंत भिजवायचा, टाकी भरून पाच-दहा मिनिटं तशीच ठेवायची, आणि पहिले काही झुरके कमी वॅटवर.