आग कुठे आणि औषध कुठे?

मंडळी, विषय ‘संगणकातल्या विषारी प्लास्टिकला हिरवे पर्याय’ असा जाहीर झालाय. पर्यायांकडे येतोच. पण विष प्लास्टिकमध्ये गेलं कशासाठी, हे आधी बघायला हवं. नाहीतर आपण मक्याच्या प्लास्टिकवर टाळ्या वाजवतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

जुन्या मॉनिटरचं मागचं कवच डोळ्यांसमोर आणा. हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन, नाहीतर एबीएस, ही दोन कडक प्लास्टिकं. दोन्ही एकदा पेटली की जळतच राहतात. म्हणून शंभर किलो मालात 10-12 किलो डेकाब्रोमोडायफिनाइल ईथर (ब्रोमीनयुक्त रसायन, थोडक्यात ‘डेका’) आणि 3-4 किलो अँटिमनी ट्रायऑक्साइड घालायची पद्धत होती. हे आगरोधक, म्हणजे आगीवरचं औषध, आणि हेच ते विष. हा सगळा खटाटोप एका चाचणीसाठी: प्लास्टिक किती पेटतं ते तपासणाऱ्या यूएल 94 या अमेरिकी मानकातली व्ही-0 श्रेणी. 125 मिमी लांब, 13 मिमी रुंद पट्टी उभी टांगतात. खालच्या टोकाला 10 सेकंद ज्योत धरतात. विझली की पुन्हा 10 सेकंद. दर वेळी पट्टी 10 सेकंदांत विझायला हवी, आणि पाच पट्ट्यांचं एकूण जळणं 50 सेकंदांच्या वर जाता कामा नये. खाली 30 सेंटीमीटरवर कापूस असतो. पेटता थेंब पडून तो पेटला, की नापास. निकाल जाडीवरही ठरतो: 3 मिमीला पास झालेला माल 1.5 मिमीला नापास होऊ शकतो. यंत्र सडपातळ करायचा हट्ट धरला, की औषधाचा डोस वाढवावा लागतो तो इथे.

डेका प्लास्टिकशी रासायनिकरीत्या बांधलेलं नसतं, नुसतं मिसळलेलं असतं. त्यामुळे ते हळूहळू बाहेर येऊन घरातल्या धुळीत बसतं. 1 जुलै 2006 पासून युरोपात विद्युत उपकरणांमध्ये डेकाच्या संपूर्ण रासायनिक वर्गाला 0.1 टक्क्याची मर्यादा आली. डेकाला मात्र सवलत मिळाली होती, ती तिथल्या न्यायालयाने 2008 मध्ये रद्द केली. 2017 मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे टिकाऊ विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेलं. तरी जुनी कवचं दळली जातात आणि ब्रोमीन नव्या काळ्या वस्तूंत परत येतं. निवडायला मिठाच्या पाण्याची घनता 1.1 ठेवतात: साधं एबीएस तरंगतं, ब्रोमीनवालं बुडतं. पण ब्रोमीनऐवजी फॉस्फरसचं आगरोधक घातलेलं पीसी-एबीएस (पॉलिकार्बोनेट मिसळलेलं एबीएस) हेही बुडतं, म्हणजे चांगलं-वाईट एकाच ढिगात. एक्स-रे बंदूक ब्रोमीन किती ते सांगते, कुठल्या संयुगातलं ते सांगत नाही.

आता माझं मुख्य म्हणणं. औषध बदलण्याआधी आग हलवा. जास्त वीज खेळते ती पॉवर सप्लायमध्ये. तो धातूच्या डब्यात बंद करा किंवा अडॅप्टर म्हणून बाहेर काढा. मग बाकी कवचाचा बराच भाग आगरोधकाशिवाय चालतो. कीबोर्ड, माउस यांची वीज 15 वॉटच्या बरीच आत असते, त्यांच्या कवचात आगरोधक घालायचं कारणच नाही.

वेळ संपत आलाय, म्हणून पर्याय भरभर सांगतो. केबलमधलं पीव्हीसी काढून पॉलिओलेफिन (पॉलिथिनच्या जातीचं प्लास्टिक) वापरतात, त्यात वजनाने 60 टक्क्यांच्या आसपास अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड. केबल ताठर होते, वारंवार वाकवली तर तडकते. हे हायड्रॉक्साइड 200 अंशांच्या सुमारास पाणी सोडू लागतं, म्हणून एक्स्ट्रूडर, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबून बाहेर काढणारं यंत्र, त्या तापमानाखाली ठेवावा लागतो, नाहीतर आवरणात बुडबुडे. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड 300 पर्यंत टिकतं. सर्किट बोर्डात फॉस्फरसयुक्त इपॉक्सी येतं. बोर्डाला हॅलोजनमुक्त (ब्रोमीन, क्लोरीन हे हॅलोजन) म्हणायला ब्रोमीन आणि क्लोरीन प्रत्येकी 900 पीपीएमपर्यंत (दहा लाखांत 900 भाग), दोन्ही मिळून 1500.

पीएलए, म्हणजे मक्याचं प्लास्टिक, 60 अंशांला मऊ पडतं. गरम हवेच्या झरोक्याजवळ साधं पीएलए वाकणारच. पॉलिकार्बोनेटशी मिश्रण करा किंवा साच्यातच त्याचे स्फटिक होऊ द्या. साच्यात घालण्याआधी ओलावा 250 पीपीएमच्या खाली आणा, नाहीतर प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि कवच ठिसूळ निघतं. पीएलएलाही आगरोधक लागू शकतं, म्हणून ‘मक्याचं’ ऐकून थांबू नका, आत काय मिसळलंय ते विचारा.

कवच उघडाल तेव्हा आतल्या बाजूचा ठसा वाचा. एफआर (म्हणजे आगरोधक) या अक्षरांपुढे कंसात 40 असेल तर हॅलोजनविरहित सेंद्रिय फॉस्फरस. 17 असेल तर ब्रोमीन आणि अँटिमनी. असा तुकडा दळायच्या ढिगात टाकू नका, वेगळा ठेवा.