एसीपी होण्याआधीचे शिवाजी साटम

(दृश्य : पितळी टोकन, जुनं लेजर, जाळीचा काउंटर)

हे पितळी टोकन बघा. पैसे काढायला गेलं की काउंटरवर हे हातात मिळायचं, आणि नंबर पुकारेपर्यंत बाकावर बसून राहायचं. जाळीमागचा माणूस नोटा मोजायचा, लेजर पुढे ओढायचा, मान वर करून नंबर पुकारायचा. संध्याकाळी कॅश जुळली, की त्यातलाच एखादा पिशवी उचलून तालमीला पळायचा.

अभिनेते शिवाजी साटम त्या पळणाऱ्यांपैकी. जन्म २१ एप्रिल १९५०. शिक्षण रसायनशास्त्राचं, नोकरी सेंट्रल बँक ऑफ इंडियात.

(दृश्य : रिकामं नाट्यगृह, विंगेतून दिसणारा रंगमंच)

आंतरबँक नाट्यस्पर्धा म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. बँकेचा संघ असायचा. दिवसभर शेजारच्या टेबलावर व्हाउचर तपासणारा सहकारी रात्री तुमचा बाप व्हायचा, नाहीतर खुनी. तालमीला वेळ कमी, पैसा त्याहून कमी. पण प्रयोगाच्या दिवशी पडदा वर गेला, की मधे थांबायची सोय नाही. वाक्य विसरलं, तर समोरच्याने सावरायचं. त्या पिढीत नोकरी आणि नाटक असं जोडीनं चालायचं. अशोक सराफ स्टेट बँकेत होते, अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात. मराठी अभिनयाचा इतिहास लिहिताना या काउंटरांना एक प्रकरण द्यायलाच हवं.

अशाच एका स्पर्धेत बाळ धुरींनी साटमांना पाहिलं. 'रामायण' मालिकेतले दशरथ म्हणून देश ज्यांना पुढे ओळखू लागला, तेच बाळ धुरी. त्यांनी साटमांना 'संगीत वरद' नाटकात घेतलं. एका चरित्र अभिनेत्याची नजर दुसऱ्यावर पडली, आणि साटमांची वाट तिथून सुरू झाली.

(दृश्य : ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही संच, गॅलरीतला अँटेना)

१९८० मध्ये 'रिश्ते नाते' या मालिकेतून ते छोट्या पडद्यावर आले. मग मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य'. नावातच पोलिसांचा फोन नंबर. मालिका बी. पी. सिंग यांची. सिंग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायाचित्रण शिकले, दूरदर्शनवर बातम्यांसाठी कॅमेरा चालवला. गुन्ह्याची जागा कशी दिसते, हे त्यांना माहीत होतं. साटम त्यात पोलीस अधिकारी झाले. 'सीआयडी' या हिंदी मालिकेत साटमांनी रंगवलेले एसीपी, म्हणजे सहायक पोलीस आयुक्त, प्रद्युम्न यांचं मूळ या मराठी मालिकेत आहे, हे हिंदी प्रेक्षकाला सहसा ठाऊक नसतं.

२१ जानेवारी १९९८. सोनीवर 'सीआयडी' सुरू झाली.

(दृश्य : हातात कॅमेरा घेऊन उलट पावली चालणारा कॅमेरामन)

आता हा कॅमेरा बघा. ७ नोव्हेंबर २००४ ला 'सीआयडी'चा एक विशेष भाग दाखवला गेला. १११ मिनिटं, आणि मधे एकही कट नाही. एकाच घरात सगळा तपास. कॅमेरा नटांच्या मागे खोल्याखोल्यांतून फिरतो. दिवा फ्रेममध्ये येऊन चालत नाही, माइक येऊन चालत नाही. ज्याचं काम नाही त्याने कॅमेरा वळायच्या आत दाराआड सरकायचं आणि त्याच्या वेळेला पुन्हा तिथेच सापडायचं. शंभराव्या मिनिटाला एकाची जीभ अडखळली, तर सगळ्यांनी पहिल्या मिनिटापासून पुन्हा. गिनीज आणि लिम्का, दोन्ही पुस्तकांत या भागाची नोंद झाली. लोक याला तंत्राचा विक्रम म्हणतात. आम्हाला त्यात नाटकाची तालीम दिसते. न थांबता दोन तास उभं राहायची सवय साटमांना बँकेच्या संघातच लागली होती.

(दृश्य : चित्रपटांची जुनी पोस्टर)

मधल्या काळात सिनेमेही झाले. 'वास्तव'मध्ये रघूचे वडील, 'नायक'मध्ये मंजरीचे वडील, 'दे धक्का'तले आजोबा. 'वास्तव'मधला बाप पुन्हा एकदा बघा. चाळीतल्या दोन खोल्यांत पोराकडे डोळे वर करून न बघणारा हा माणूस आणि एसीपी, दोघांचा चेहरा एकच आहे.

२७ ऑक्टोबर २०१८ ला 'सीआयडी' थांबली, १५४७ भागांनंतर. त्यात फ्रेडरिक्स रंगवणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले. बँकांच्या नाट्यस्पर्धांना पूर्वीचा जोर राहिला नाही.

(दृश्य : टीव्हीच्या उजेडात बसलेलं कुटुंब)

२१ डिसेंबर २०२४ ला मालिका परत आली. साटम चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. जमिनीवर प्रेत, बाजूला एसीपींचे सहकारी अभिजित आणि दया. एसीपी काही बोलत नाहीत. हात वर येतो, बोटं हवेत वळतात, आणि घरातला लहान मुलगा त्यांच्या आधीच वाक्य म्हणून टाकतो.