सूर्य राहू द्या, आधी गळती बघू

अध्यक्ष महाराज, समोर बसलेले सगळे, आणि मागच्या रांगेत मफलर गुंडाळून बसलेले माझे मामा. पत्रिकेवर विषय छापलाय, 'अणुसंमीलनाचे परदेशी शिक्षण : संधी आणि आव्हाने'. हा मी दिलेला नाही. 'संधी आणि आव्हाने' हे शेपूट आपल्याकडे हळदीच्या पिकावर बोलायचं असलं तरी लागतं. मला खरं तर गळतीबद्दल बोलायचंय. शिक्षणाचं शेवटी सांगतो, वेळ उरला तर.

मामांचं नाव घेतलं कारण मी जायला निघालो तेव्हा त्यांनी विचारलेला प्रश्न अजून माझ्या मानगुटीवर आहे. मे महिना, जळगावचा पारा पंचेचाळिसाच्या वर. ओट्यावर ओला पंचा डोक्यावर घेऊन मामा बसलेले. कोणीतरी त्यांना सांगितलं की भाचा युरोपात सूर्य बनवायला शिकणार. मामा म्हणाले, "आठे ऊन कमी शे का रे भाऊ, तठे सूर्य बनावाले चालना तू?"

हसा, हसा. उत्तर मात्र मला तेव्हा देता आलं नव्हतं. आज देतो.

सूर्य बनवणं हा आमच्या धंद्यातला मोठा प्रश्न राहिलेला नाही. ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची दोन भावंडं. ती पुरेशा वेगाने एकमेकांवर आदळली की हेलियम होतो, एक न्यूट्रॉन सुटतो आणि ऊर्जा मिळते. इंग्लंडमधल्या जेट या यंत्राने 1997 मध्येच 16 मेगावॉटपर्यंत मजल मारली होती, क्षणभर का होईना. पेटतं हो. ठेवायचं कशात, ते बोला! आत 15 कोटी अंश, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या दहापट. त्याला जागेवर धरणारी चुंबकं काही मीटरवर, आणि ती उणे 269 अंशांना थंड ठेवायची. मधे काय? व्हॅक्यूम. पोकळी. कुठून हवा शिरली की खेळ खलास. खलास म्हणजे स्फोट नव्हे बरं का, गावात फार गैरसमज आहे. आत इंधन असतं एका वेळी जेमतेम ग्रॅमभर. हवा शिरली की ते थंड होऊन विझतं, ओल्या पऱ्हाटीच्या जाळासारखं.

तर माझी गोष्ट. पहिल्याच वर्षी प्रयोगशाळेत आम्हा तिघांना एक स्टीलचं भांडं दिलं, हंड्याएवढं. पंप लावून आतला दाब बाहेरच्या हवेच्या अब्जाव्या भागापर्यंत उतरवायचा. आम्ही पंप लावला. आकडा उतरला, उतरला, आणि दशलक्षाव्या भागावर येऊन बसला. रात्रभर पंप चालू ठेवला. सकाळी आकडा तिथेच.

आता मी ठिबकवाल्याचा पोरगा. चोपडा तालुक्यात तापीकाठी आमची केळी. थ्री-फेज यायची रात्री बाराला. खारींनी नळ्या कुरतडलेल्या असायच्या. वडील म्हणायचे, बॅटरी बंद कर, कान लाव. अंधारात दोन ओळींच्या मधून आम्ही चालायचो, आणि कुठेतरी बारीक 'स्स्स' ऐकू यायचं. तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा, पुढे चालायचं. माझी खात्री होती की गळती शोधायला मला युरोपात कोणी शिकवू शकत नाही.

पण शेतात आतलं बाहेर येतं. इथे बाहेरचं आत जातं, आणि आवाज नाही, ओल नाही, काही नाही. त्याला एक यंत्र असतं. ते पंपाच्या नळीला जोडायचं, मग बारीक तोटीतून हेलियम हळूहळू एकेका सांध्यावर सोडायचा. सुरुवात वरून करायची, कारण हेलियम वर जातो. खालून सुरुवात केली तर वरच्या सांध्याची चूक खालच्याच्या नावावर लागते. (आपल्याकडे कचेऱ्यांत चौकशी खालूनच सुरू होते.) जिथे फट असेल तिथून हेलियम आत शिरतो आणि यंत्रावरचा आकडा उडी मारतो.

तीन दिवस आम्ही ते भांडं हेलियमने न्हाऊ घातलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, बाजूच्या एका झाकणापाशी आकडा टुणकन उडाला. झाकण उघडलं. दोन स्टीलच्या कडांच्या मधे तांब्याची कडी असते. कडांना धार असते, बोल्ट आवळले की ती धार तांब्यात रुतते आणि सांधा बंद होतो. ती कडी एकदाच वापरायची. आमच्या कडीवर एकाच्या शेजारी एक असे दोन चरे होते. म्हणजे कोणीतरी वापरलेली कडी पुन्हा बसवली होती.

कोणीतरी म्हणजे मी. खोक्यात पडलेली दिसली, चकाकत होती, नवी कशाला फोडायची म्हणून पुसून बसवली. आमच्या घरात वायसर फेकून देणं हे पाप आहे!

वडिलांना फोनवर सांगितलं. ते खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कितीची येते ती कडी?"

ही चूक माझ्यासारख्या अडाण्याचीच होते असं नाही. फ्रान्समध्ये कॅडाराशला इटर उभं राहतंय. भारतासकट सात भागीदार, जगातलं सगळ्यात मोठं टोकामॅक, म्हणजे तापलेलं इंधन चुंबकांनी धरून ठेवणारं यंत्र. तिथल्या एका थंडाव्याच्या नळीत 2021 मध्ये हेलियमची गळती सापडली. वेल्डिंगजवळच्या बारीक जागांत क्लोरीनचे अंश राहिले होते, त्यांनी नळीला तडे पाडले. कित्येक किलोमीटर नळी बदलायची वेळ आली. तिथे काम सूर्यावर अडलं नव्हतं, नळीवर अडलं होतं. म्हणून मी म्हणतो की या विद्येला फिजिक्सवाला एक लागला तर फिटर-वेल्डर दहा लागतात. आणि आयटीआय तर आपल्याकडे तालुक्यागणिक आहे.

आता एक ऐकाच. इटरला बाहेरून जो प्रचंड थर्मास आहे, क्रायोस्टॅट, सुमारे 30 मीटर रुंद आणि तेवढाच उंच, वजन 3,850 टन, त्याचे भाग कुठे बनले? हजिऱ्याला, लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात. हजिरा म्हणजे सुरतेच्या पुढे, तापी समुद्राला मिळते तिथे. आपल्या शेताला पाणी देऊन गेलेली तापी! इथे ज्याचा एक तरी साडू सुरतेच्या उधन्याला नाही असा माणूस उभा राहावा. कोणी नाही ना? चौपन्न तुकडे करून ते जहाजाने गेलं, तिकडे जोडलं, आणि 2020 च्या मे महिन्यात, आपण घरात कोंडलेलो असताना, त्याचा 1,250 टनांचा तळ खड्ड्यात उतरवला.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' खाली लिहिलंय, 'भरीत तयार आहे.' हे दडपण अन्याय्य आहे.

बरं, पटापट. शिक्षण. युरोपात दोन वर्षांचा संयुक्त मास्टर्स आहे, फ्यूजन-ईपी नावाचा, 120 क्रेडिटचा. घेंट, स्टुटगार्ट, माद्रिद, मार्सेय अशी विद्यापीठं त्यात आहेत, आणि शिक्षण एकाहून जास्त देशांत होतं. फिजिक्स किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते. इरॅस्मस मुंडुस शिष्यवृत्ती मिळाली तर फी नाही, वर महिन्याला 1,400 युरो. कर्जावर जायच्या आधी ती भरा. आइंडहोवनलाही स्वतंत्र मास्टर्स आहे. परदेश नको असेल तर गांधीनगरजवळ भाटला प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. 1989 पासून तिथे आदित्य टोकामॅक चाललंय. त्यांच्या उन्हाळी शिबिरासाठी अर्ज करा, नाहीतर जेस्ट ही प्रवेश परीक्षा द्या. आणि प्रागच्या तांत्रिक विद्यापीठात गोलेम नावाचं जुनं, मूळचं सोव्हिएत टोकामॅक आहे. ते विद्यार्थ्यांना इंटरनेटवरून दूरूनही चालवता येतं. जळगावात बसून. फक्त तेवढा वेळ लाइट जायला नको.

वीज कधी मिळणार? 1955 साली जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभा म्हणाले होते, वीस वर्षांत मार्ग सापडेल. त्या विसांचे सत्तर झाले. 2022 मध्ये अमेरिकेत लेझरने इंधनाला 2.05 मेगाज्यूल ऊर्जा देऊन 3.15 काढले, पण लेझर चालवायला लागलेली वीज त्यात धरलेली नाही. इटर वीज बनवणारच नाही, ते 50 मेगावॉटने इंधन तापवून 500 काढून दाखवण्यासाठी आहे, आणि खरं इंधन त्यात 2039 ला पडणार, असं 2024 चं वेळापत्रक सांगतं. तेव्हा मामा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की ऊन इथे भरपूर आहे, दीपनगरच्या वीजकेंद्रातला कोळसा इतक्यात बंद होत नाही, आणि मी गेलो ते भांडं कसं घडवायचं ते शिकायला.

शेवटचं, पहिल्या रांगेतल्या मुलींसाठी. तिकडचे लोक पदवीबरोबर प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम तासांसकट, सही-शिक्क्यानिशी मागतात. माझे त्यात तेरा फेरे झाले, कारण तसा कागद याआधी कोणी मागितलाच नव्हता आणि शिक्का कुठला मारायचा यावर इथल्या कचेरीत एकमत होईना. त्या कागदाच्या नमुन्याच्या वीस झेरॉक्स आणल्यात. बाहेर चपलांच्या शेजारच्या टेबलावर ठेवल्यात, पाण्याच्या जगाखाली. जग जरा गळतोय, सांभाळून उचला.