तारकर्लीतली पाहुण्यांची खोली

(दृश्य: सकाळ, तारकर्लीचा किनारा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जातेय.)
दोर ओढणारी ही माणसं पगारावर नाहीत. जो रापण ओढतो, त्याला मासळीत वाटा. मालवणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या हाच हिशेब. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि याच वाळूवर दुसरा धंदा उभा राहिला.

(दृश्य: माडांतलं कौलारू घर. काकी सोलकढीसाठी खोबरं वाटताहेत.)
काकींनी पडवी बंद करून ही खोली काढली. आधी संडास-बाथरूम, मग लाद्या, एसी सगळ्यात शेवटी. पैसे? पाटल्या पतसंस्थेत गहाण, थोडे बचत गटाचे, उरलेले मुंबईच्या दिरांकडून. बँकेची पायरीही चढून झाली होती.

(दृश्य: सातबाऱ्याचा उतारा, अगदी जवळून.)
नावं बघा, खाली उतरतच जातात. जमीन आजोबांची, वारस लागत गेले, वाटप कधी झालंच नाही. कोणी परळला, कोणी विरारला. काही जण वारले, त्यांच्या वारसांची नोंद व्हायचीय. घर तारण ठेवायचं तर सगळ्या सहहिस्सेदारांची संमती हवी. गणपतीत सगळे गावी येतात, विषय निघतो, आणि गणपतीबरोबर तोही पाण्यात जातो.

विनातारण कर्जासाठी २०१५ पासून मुद्रा योजना आहे, पण तिच्या शिशु गटाची मर्यादा ५० हजार. तेवढ्यात टाकीसकट बाथरूम बांधून दाखवा! जास्त हवे तर धंद्याचा हिशेब दाखवा.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर.)
हिशेब आहे की. तारखेच्या चौकोनात पाहुण्यांचं आडनाव, खाली रक्कम, आगाऊ मिळाले असतील तर बरोबरची खूण. मे महिन्यात लिहायला जागा उरलेली नाही. बँकेच्या फाइलीत मात्र हे कॅलेंडर बसत नाही.

(दृश्य: रिसॉर्टचं फाटक.)
एकाच नावाची, मोकळी जमीन विकत घेऊ शकणाऱ्याला यातलं काहीच आड येत नाही. गावातली काही पोरं इथे पगारावर आहेत.

(दृश्य: पाऊस. किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या.)
पावसाळ्यात स्कूबा बंद, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद. पतसंस्थेचं व्याज चालू.

(दृश्य: घरामागचा अर्धवट चौथरा.)
ही दुसरी खोली. भिंती दिवाळीच्या सीझनवर उठतील, असं काकींचं गणित आहे. संमतीपत्रावर दोन सह्या अजून बाकी आहेत. त्यातली एक विरारची.