दारातल्या खणात हेल्मेट

पडद्यावरचा हा गाडीचा दरवाजा नीट बघा. आतल्या बाजूला केवढा खोल खण आहे! तो हेल्मेट ठेवायला. पलीकडच्या दारातही तसाच, शेजारी बसून रस्ता सांगणाऱ्या नॅव्हिगेटरसाठी. लान्चिया स्ट्रॅटोस ही इटालियन रॅली-गाडी कशासाठी जन्मली, हे सांगायला एवढा खण पुरे.

रॅलीतल्या गाड्या तोवर आधी गिऱ्हाइकासाठी बनत, मग शर्यतीसाठी ठाकठीक केल्या जात. लान्चियाच्या संघाचा प्रमुख चेझारे फिओरिओ याला उलटं हवं होतं. शर्यत आधी, गिऱ्हाईक नंतर.

ही 1970 च्या तुरीन मोटर शोमधली, पाचरीच्या आकाराची नमुना गाडी. गाड्यांचे आकार घडवणाऱ्या बर्टोनेच्या स्टुडिओतली, तिथल्या मार्चेलो गांदिनीच्या हातची. उंची जेमतेम 84 सेंटिमीटर. दारं नाहीतच, समोरची काच उचलायची आणि आत शिरायचं. बर्टोने ती घेऊन लान्चियाच्या फाटकाशी आला आणि आडवा दांडा वर न करताच खालून आत गेला, असं आजही सांगतात.

तिच्यावरून ही खरी गाडी घडली. पुढच्या नि मागच्या चाकांमधलं अंतर 2.18 मीटर, म्हणजे आपल्या मारुती 800 एवढंच! पण सीटच्या पाठीशी, आडवं बसवलेलं, फेरारी डिनोचं 2.4 लिटरचं व्ही-6 इंजिन. आखूड गाडी आणि वजन मधोमध, त्यामुळे स्टिअरिंगला नुसता स्पर्श झाला तरी नाक वळतं. हात कच्चा असेल तर तीच गाडी भोवऱ्यासारखी गरकन फिरते. समोरची काच बघा, पिंप उभं चिरल्यासारखी गोल. वळणाच्या पोटातलं दिसावं म्हणून.

फेरारीकडून इंजिनं मिळायला वेळ लागला. शर्यतीची मान्यता आली ऑक्टोबर 1974 मध्ये, आणि त्याच महिन्यात चालक सान्द्रो मुनारीनं इटलीतली सान रेमो रॅली मारली. 1974, 75, 76, तिन्ही वर्षं जागतिक विजेतेपद लान्चियाकडे.

आता माँटे कार्लो रॅलीच्या वाटेवरचा तुरिनीचा घाट. 1,607 मीटर उंची, रात्र, बर्फ. मुनारीनं माँटे कार्लो सलग तीनदा जिंकली, 1975 ते 77. इथं मी गप्प बसतो. इंजिन ऐका.

ही लाल माती आफ्रिकेची. 1975 च्या सफारी रॅलीत स्ट्रॅटोस दुसरी आणि तिसरी आली. पहिली कधीच नाही.

मग लान्चियाची मालक कंपनी फियाटनं आपली 131 ही गाडी पुढे केली. शोरूममध्ये खपणारी गाडी शर्यतीत दिसायला हवी होती. स्ट्रॅटोस बाजूला पडली.

पण ही निळी गाडी बघा. 1979, माँटे कार्लो. कारखान्याचा संघ नाही, खासगी फ्रेंच संघ. चालक बर्नार दारनीश. सगळे डोंगर पालथे घालून झाल्यावर फोर्ड चालवणाऱ्या वाल्डेगॉर्डपेक्षा तो पुढे होता फक्त 6 सेकंदांनी. एवढ्यात तर दारातल्या खणातून हेल्मेटही काढून होत नाही.

आणि ही 1981 ची, कॉर्सिका बेटावरची रॅली. दारनीशच. पुन्हा पहिला.