पुढे कॅमेरा आहे

मुंबई-आग्रा हायवे, धुळे सोडून शिरपूरकडे. समोरचा ट्रकवाला दोनदा डिपर मारतो, की सगळ्यांना कळतं पुढे स्पीडगनवाली गाडी उभी आहे, मग शंभरचा काटा झटकन साठवर. गाडी मागे पडली की पाय परत ॲक्सिलरेटरवर. म्हणून एकाच जागी वेग मोजून भागत नाही भो, दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर कापायला किती वेळ लागला त्यावरून सरासरी वेग काढतात, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर तशी सोय आहे, तिथे मध्ये थोडंसं ब्रेक दाबून कोण सुटत नाही.

कॅमेऱ्याने फरक पडतो का? पडतो. 2010 च्या एका आढाव्यात 35 अभ्यास तपासले होते, कॅमेऱ्याच्या आसपास अपघात 8 ते 49 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. पण ते अभ्यास श्रीमंत देशांतले, आणि जगात रस्त्यावर मरणाऱ्या 100 पैकी 92 जण गरीब नि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. तिकडे फोटो निघाला की दंड बरोबर त्या माणसाच्या दारात जातो. आपल्याकडे? शहाद्याकडे विकलेली मोटारसायकल तीन हात फिरते तरी आरसी बुकावर पहिल्याचंच नाव, म्हणजे चलानचा मेसेज त्या बिचाऱ्याला आणि गाडी पळवणारा भलताच, तो निवांत. केळीच्या ट्रकची प्लेट चिखलाने भरलेली, ट्रॉलीला मागे नंबरच नाही. आणि ज्याला मेसेज येतो तो पण भरत नाही, लोकअदालतीत कमी होईल म्हणून बसून राहतो.

नियम तसा चांगलाय. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्राने काढला, कॅमेऱ्याआधी बोर्ड लावायचा, 15 दिवसांत नोटीस पाठवायची, आणि असे कॅमेरे लावायच्या 132 शहरांच्या यादीत आपलं जळगाव पण आहे. बोर्ड बघून लोक हळू झाले तर झाले की, हवंय तेच ना.

पण जुलै 2023 मध्ये याच हायवेवर, शिरपूरच्या पुढे पळासनेरला ट्रकचे ब्रेक गेल्याचं सांगितलं गेलं, तो गाड्यांना उडवत हॉटेलात घुसला, दहा तरी माणसं गेली. असल्या गाडीसाठी कॅमेरा काय करणार, तिथे ब्रेक आणि फिटनेसच बघायला पाहिजे. कॅमेऱ्याची जागा म्हणजे हायवेला चिकटलेली गावं, जिथे शाळेची पोरं रस्ता ओलांडतात, कारण 50 ऐवजी 65 च्या गाडीने उडवलं तर पायी माणूस मरायची शक्यता साडेचार पट होते.